रिकामे तीन तुकडे

सुनेनं माझ्या मातीला नापास केलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. मी भाजी निवडत होते. तिनं विद्यापीठातून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, आपल्या जमिनीत जीव कमी राहिलाय."

"कोण म्हणतं?"

"यंत्र म्हणतं. मी स्वतः तपासली."

"मग तुझ्या यंत्राला म्हणावं, ये इकडे आणि बांधावर उभं राहून मका मोज. चाळीस वर्षं पिकतेय ती जीव नसताना पिकतेय का?"

ती हसली. तिचं हसणं नम्र असायचं आणि त्याचाच मला राग यायचा. भांडली असती तर मी जिंकले असते.

मी तिसरीपर्यंत शिकले. नवरा गेला तेव्हा लेक सात वर्षांचा होता आणि दीर म्हणाले, "वहिनी, विकून टाका, तुमच्याच्यानं व्हायचं नाही." मी विकली नाही. दगड वेचले, बांध घातले, दोन म्हशींचं शेण डोक्यावरून वाहिलं. त्या जमिनीला कोणी नाव ठेवलं की मला ते माझ्याच चालचलणुकीवर बोट ठेवल्यासारखं वाटायचं. हे वाटणंच पुढे सगळ्याच्या मुळाशी आलं. हे मी आज म्हणते, तेव्हा म्हणत नव्हते.

सून लग्न होऊन आली तेव्हा तिचं शिक्षण अर्धवट होतं. मातीचं शास्त्र आणि शाश्वत शेती, असं काहीतरी लांबलचक. मी विचारलं, "शाश्वत म्हणजे काय गं?"

"टिकणारी, आई."

"मग आम्ही काय मोडणारी करत होतो?"

तरी मी तिला पुढे शिकू दिलं. मन मोठं होतं म्हणून नव्हे. माझ्या धाकट्या जावेची सून बारावीत दोनदा आपटली होती, म्हणून. या जावेला सगळे दवंडी म्हणतात. तिच्या कानात सकाळी घातलेली गोष्ट दुपारपर्यंत चारी रस्त्यांवर पोचते. तिच्यासमोर "आमची सून विद्यापीठात असते" असं म्हणण्यात जी चव होती, ती कशात नव्हती. सून रोज बसनं दीड तास जायची, दीड तास यायची, आणि संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मला सांगायची की चमचाभर मातीत किती कोटी जीव असतात. मी म्हणायचे, "मग त्यांना सांग, जरा तण उपटा."

शेवटच्या दोन वर्षांत तिला प्रयोग करायचा होता. तो आपल्याच शेतात करते म्हणाली. रस्त्याकडच्या बाजूला तिनं दोरी लावून सहा तुकडे आखले. तीन तुकड्यांत ताग पेरायचा, फुलावर आला की कापून तिथंच मातीत गाडायचा आणि मग मका लावायचा. उरलेल्या तिघांत काहीच घालायचं नाही, नुसता मका. दोन्हीकडचा मका आणि माती मोजून तिला दाखवायचं होतं की तागानं जमिनीत जीव येतो. ते दाखवता आलं, तर विद्यापीठात पुढची तीन वर्षं संशोधनाची जागा मिळणार होती. जागा एकच होती आणि तिला ती इतकी हवी होती की त्या जागेचं नाव काढलं तरी तिचा आवाज बारीक व्हायचा.

"या तीन तुकड्यांना पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, आई. मूठभर राखसुद्धा नाही."

"उपाशी ठेवायचं? कशासाठी?"

"त्यांच्याशीच तर तुलना करायचीय. तेच बिघडले तर बाकी सगळं फुकट."

"बरं."

ऐकणं आणि बरं म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बिचारीला अजून माहीत नव्हतं.

मका गुडघ्याएवढा झाला आणि फरक दिसायला लागला. तागाचे तुकडे काळेभोर हिरवे आणि रिकामे तिन्ही फिकट, खालची पानं पिवळी. सून रोज सकाळी पट्टी घेऊन जायची आणि खुशीत परत यायची. आणि दवंडी रोज त्याच रस्त्यानं दुधाला जायची.

"ताई," एक दिवस ती कुंपणाशी थांबली, "सून शिकायला लागली आणि शेताला कावीळ झाली का हो?"

"तुझ्या शेतात नुसतं तण हिरवं असतं, म्हणून तुला हिरव्याचं कौतुक."

"तसं नव्हे हो. काल आमचे हे म्हणत होते, वहिनींची जमीन म्हणजे सोनं होती, आता वयामुळे होत नसेल त्यांच्याच्यानं."

वयामुळे. तेच दीर, तेच वाक्य, तीस वर्षांनी.

त्याच दुपारी मी गोठ्यामागच्या टाकीशी गेले. गोठा धुतलेलं पाणी तिथं साचतं. काळं, आंबलेलं, वासानं डोळ्यात पाणी आणणारं, आणि पिकाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. लेक कामावर, सून विद्यापीठात. मी बादली भरली. खरं तर रस्त्याकडच्या एकाच तुकड्याला घालणार होते, दवंडीचं तोंड बंद होण्यापुरतं. आठ बादल्या घातल्या आणि सरळ झाले, तर आतले दोन तुकडे तसेच पिवळे उभे. आयुष्यात कधी पंक्तिप्रपंच केला नाही मी. एकाच्या पानात वाढायचं आणि शेजारच्या दोघांनी बघत बसायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही. तिघांनाही आठ आठ बादल्या घातल्या. वरून कोरडी माती ओढली. कमरेचे टाके ढिले झाले, पण काय समाधान वाटलं! दर पंधरा दिवसांनी घालत राहिले.

दवंडीचं तोंड बंद करायचं, हे एक कारण झालं. दुसरं मी कोणाला सांगितलं नाही. मला त्या कागदाला उत्तर द्यायचं होतं. माझ्या मातीला कोणाच्या तागाची गरज नाही, हे त्या पोरीला तिच्याच पट्टीनं मोजायला लावायचं होतं.

महिन्याभरात तिन्ही तुकडे सुधारले. सून कुंपणाशी किती तरी वेळ उभी राहिली. घरात आली ती गोंधळलेली.

"आई, रिकाम्या तुकड्यांत कोणी काही घातलं नाही ना?"

"माझ्या मातीला काही घालावं लागत नाही," मी म्हणाले.

यात खोटं काय आहे, असं मी रात्री स्वतःला विचारलं. खोटं नव्हतं. उत्तरही नव्हतं. आणि मोठ्या माणसाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नये असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

मका निघाल्यावर ती मला तिचं विद्यापीठ दाखवायला घेऊन गेली. लांब खोली, दोन्ही बाजूंना दगडी ओटे, त्यांवर वर्तमानपत्रं पसरून मातीची ढेकळं वाळत घातलेली, प्रत्येकाशेजारी चिठ्ठी. मला हसू आलं. घरात चपलेची माती आणली तर आपण ओरडतो आणि इथं तिला पाहुण्यासारखं बसवलेलं. काचेच्या पेटीत तराजू होता. सून पांढरा कोट घालून चिमूटभर माती त्यात सोनारासारखी तोलत होती. श्वाससुद्धा धरून. मला वाटलं, ही आपल्या घरात कुठं असते अशी?

तिचे सर आले. वयस्कर, कोटाच्या खिशाला शाईचा डाग. म्हणाले, "तुमच्या सुनेसारखी काटेकोर मुलगी माझ्या हाताखाली आली नाही."

"आमच्या घरात सगळं काटेकोरच असतं," मी म्हणाले.

"तिचा अंदाज मात्र चुकतोय. तागाचे आणि रिकामे तुकडे सारखेच निघालेत. एखादाच रिकामा तुकडा वेगळा आला असता, तर मी म्हटलं असतं, काही गडबड आहे, तो सोडून देऊ. पण तिन्हींचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतात. त्यामुळे विश्वास ठेवावा लागतो."

तंतोतंत. आठ, आठ आणि आठ.

तिथं मला कळलं. शिकलेली नसले तरी इतकी बथ्थड नाही मी. ते रिकामे तुकडे म्हणजे तराजूचं दुसरं पारडं होतं आणि मी त्यावर बसून राहिले होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. सर समोर होते, पुढचं वर्ष हातात होतं, सगळं पुन्हा पेरता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी नुकतंच म्हटलं होतं की आमच्या घरात सगळं काटेकोर असतं. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होते की मी चोरून बादल्या ओतते? मी म्हणाले, "बस चुकेल, निघायला हवं."

आणि दुसऱ्या वर्षीही मी घातलं. पहिल्या वर्षी राग होता, हट्ट होता. दुसऱ्या वर्षी नुसती भीती होती. बंद केलं असतं तर तुकडे पुन्हा पिवळे पडले असते आणि सुनेनं विचारलं असतं, गेल्या वर्षी मग काय झालं होतं? एका झाकणावर दुसरं झाकण ठेवत गेले. पोरगी पट्टी घेऊन जायची आणि दर दिवशी जरा जास्त गप्प होऊन परत यायची.

ती पास झाली. दवंडीकडे पेढे मी स्वतः नेऊन दिले. संशोधनाची जागा दुसऱ्या एका मुलाला मिळाली. सर तिला म्हणाले होते, तुझं काम चोख आहे, पण या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आता त्यात शोधण्यासारखं काही उरलं नाही.

"पास झालीस ना? मग तोंड का पाडतेस?" मी विचारलं.

"पास झाले, आई. चुकीची ठरले." मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "मातीनंच सांगितलं. माणसाशी वाद घालता येतो."

मी हातातला तांब्या उगाच दोनदा विसळला.

तिला बाजारपेठेतल्या माती तपासणीच्या कचेरीत नोकरी लागली. लोक पिशवीतून माती आणतात, ती नंबर घालते, तपासते, शिक्का मारते. पगार बरा. घरी मात्र तिनं मातीचं नाव काढणं सोडलं. पोळ्या लाटताना रेडिओ लावायला लागली. मी मनाला समजावलं, संसाराला लागली, चांगलंच झालं.

दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस दवंडी धावत आली, हातात विद्यापीठाचं शेतकऱ्यांसाठीचं छोटं पुस्तक. "ताई, नाव छापून आलंय हो सुनेचं! खताच्या दुकानदारानं तर हे पान काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. आम्ही यंदा ताग पेरणार होतो, बरं झालं वाचलो. तुमच्या सुनेनंच सिद्ध केलंय ना, उपयोग नाही म्हणून."

चार ओळी होत्या. मी बोट ठेवून वाचल्या. खाली तिचं नाव, माझ्या घराच्या आडनावासकट. याच दिवसासाठी मी तिला शिकवलं होतं. आणि ते नाव मला डोळे भरून बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी बस धरली. घरी सांगितलं असतं, पण घरात मी सासू असते. कचेरीत रांग होती. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा ती दचकली. "आई? काय झालं? ह्यांना काही..."

"लेक ठीक आहे. तुझ्या रिकाम्या तुकड्यांत मी गोठ्याचं पाणी घालत होते. दोन्ही वर्षं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडावं म्हणून मी थांबले. तिनं एक कोरा फॉर्म ओढला आणि उलटा केला.

"किती?"

"बादल्या."

"किती बादल्या, आई?"

"तुकड्याला आठ. दर पंधरा दिवसांनी."

"तिन्हींना?"

"तिन्हींना."

"सारख्या?"

"सारख्याच. मी कधी कोणाला..."

तिचं पेन जरा थांबलं. मग तिनं बादली केवढी होती, मका केवढा असताना सुरू केलं, शेवटची कधी घातली, सगळं विचारून लिहिलं. अक्षर सरळ होतं.

"सरांना कळवते. त्यांना ते छापलेलं मागे घ्यावं लागेल."

"कारण काय लिहिशील?"

"घरातल्या माणसाकडून चूक झाली, असं."

"चूक नाही. आणि घरातलं माणूस नाही. सासूनं मुद्दाम घातलं, असं लिही. माझं नाव लिही. दवंडीला कळलं तर कळू दे."

तिनं लिहिलं. मी वाचून बघितलं, मग खाली सही केली. एक एक अक्षर जोडत.

"ती जागा..." मी म्हणाले.

"ती गेली, आई. तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे."

"मग पुन्हा कर तू. तेच तुकडे घे. सगळं शेत घे. तुझ्या नावावर करून देते."

"नावावर नको." ती कागदाची घडी घालत होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "पहिल्या वर्षी विद्यापीठात मला सांगितलं असतंत ना, तर मी हसले असते, आई. खरंच. आपण दोघींनी मिळून पुन्हा पेरलं असतं."

मागे उभ्या माणसानं खाकरून मातीची पिशवी काउंटरवर ठेवली. तिनं ती पुढे ओढली, नंबर लिहिला आणि त्याला विचारलं, "कुठल्या शेतातली? किती खोलवरून काढलीत?" मी बाजूला झाले.