देवचंदभाऊंची चिठ्ठी माझ्या पोटात

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. जळगावात, मेहरूण तलावाच्या अलीकडच्या वस्तीत एक लहानसं बुद्धविहार आहे. तिथल्या भिंतीतल्या कोनाड्यात मी राहतो. माझ्या पोटात डाळ नाही, साखर नाही. माणसांनी स्वतःलाच दिलेले शब्द आहेत, घडी घालून ठेवलेले. ते सांभाळायचे, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आतलं सगळं माहीत असून गप्प बसणं काय असतं, ते मी गेल्या एक जानेवारीला पुरेपूर भोगलं.

जन्माने मी तेलाचा डबा. तेल संपलं आणि भंगारातून फिरत फिरत चांदभाईंच्या दुकानात आलो. चांदभाई जुन्या पत्र्यातून नरसाळी, झारे, डबे बनवायचे. त्यांनी मला कापलं, सपाट केलं, पुन्हा गोल वळवलं आणि सांध्याला कथील ओतून डाख दिला. दुखलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांच्या बायकोने, हसीनाबीने, मला मांडीवर घेतलं आणि माझी कड लाकडी हातोडीने ठोकून ठोकून आत वळवली. "धार नहीं रहना चाहिए, किसी बाई का हाथ कट जाएगा," असं त्या एकीकडे पुटपुटत होत्या.

द्रौपदाअक्कांनी मला विकत घेतलं ते बिबड्यांसाठी. ज्वारीचे पापड म्हणा हवं तर, पण अक्कांसमोर म्हणू नका. पुष्कळ वर्षं मी त्यांच्या फळीवर मानाने बसलो. पाहुणा आला की आधी मी खाली उतरायचो, मग पाण्याचा तांब्या. "डबा भारी शे तुना, बिबडा मऊ पडत नही," असं बायका आमच्या अहिराणीत म्हणायच्या आणि मी आतल्या आत फुगायचो. पुढे अक्कांच्या मुली सासरी गेल्या, एक धुळ्याला, एक नाशकाला. अक्कांचे दातही हलायला लागले. मी फळीवरून पलंगाखाली गेलो. चार वर्षं माझ्यात खिळे, तुटकी किल्ली आणि मेणबत्त्यांचे तुकडे होते. मला कुणी घासलं नाही की हाक मारली नाही.

मग एकदा बुद्धभूषण सरांना डबा हवा झाला. सर पोस्टात नोकरीला. दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर करून आले आणि त्यांनी विहारात एक रीत पाडली. एक जानेवारीला सकाळी सगळ्यांनी पांढरी वस्त्रं नेसून यायचं. त्रिशरण-पंचशील म्हणायचं. अर्धा तास डोळे मिटून नुसता येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मन शांत झालं की या वर्षी आपल्यातलं काय बदलायचं, ते चिठ्ठीवर लिहायचं. नाव लिहायचं नाही, बाहेरून फक्त आपली खूण काढायची. चिठ्ठ्या माझ्यात ठेवून झाकणाभोवती मेण ओतायचं. पुढच्या एक जानेवारीला मेण फोडायचं आणि आपली चिठ्ठी आपणच मनात वाचायची. संकल्प पाळला असेल तर चिठ्ठी पाण्याच्या घंगाळात भिजवून ते पाणी पिंपळाला घालायचं. नसेल पाळला तर जुनी चिठ्ठी नव्या चिठ्ठीत गुंडाळून परत माझ्यात. दुसऱ्याची चिठ्ठी मात्र कधीही उघडायची नाही.

डबा द्यायला अक्काच पुढे झाल्या. अशा रीतीने मी पलंगाखालून थेट कोनाड्यात आलो.

आता देवचंदभाऊंबद्दल सांगतो. तीस वर्षं त्यांनी रावेरहून केळीचे ट्रक दिल्लीला नेले. आता स्वतःचा छोटा टेम्पो चालवतात. वस्तीतलं लग्न असो, बारसं असो, टेम्पो त्यांचाच. त्यांची खूण म्हणजे गोलात तीन दांड्या, स्टेअरिंग. अक्कांची खूण नुसता गोल, बिबडा.

आदल्या वर्षीच्या जानेवारीत भाऊंनी वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "डोळे दाखवीन. डॉक्टर नाही म्हणाले तर गाडी सोडीन." आणि त्याच दिवशी अक्कांनी लिहिलं होतं, "चारचौघांत कुणाचा पाणउतारा करणार नाही. देवचंदभाऊंचा तर नाहीच."

दोन्ही चिठ्ठ्या वर्षभर माझ्या पोटात शेजारी शेजारी होत्या. आणि वर्षभर रोज सकाळी मला बाहेरून टेम्पोचा हॉर्न ऐकू येत होता.

दिवाळीत टेम्पो विहाराच्या फाटकाला घासला. भाऊ म्हणाले, "कोनीतरी फाटक पुढे सरकाई दिन्हं." अक्का पायरीवरून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हो ना भाऊ, फाटकले पाय फुटनात!" सगळे खो खो हसले. भाऊ आठ दिवस विहारात आले नाहीत. फाटकाला रंग दिला गेला. डोळ्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही. ते फक्त मला माहीत होतं.

यंदाच्या एक जानेवारीला तलावावरून इतकं दाट धुकं आलं होतं की विहाराच्या दारातून पिंपळ दिसत नव्हता. ध्यान झाल्यावर धरणगावच्या विहारात खीरदानाला जायचं ठरलं होतं. खिरीचं पातेलं तयार होतं. मुलाबाळांसकट चौदा माणसं टेम्पोत बसणार होती आणि चालवणार होते देवचंदभाऊ. धरणगावच्या रस्त्यावर या दिवसांत कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या असतात, अर्ध्या रस्त्यावर, मागे दिवा नसलेल्या. त्या अर्ध्या तासात सगळे श्वास पाहत होते. माझा मात्र पत्रा आकसत होता.

मेण फुटलं. भाऊ नेहमीसारखे पहिले उठले. त्यांनी माझ्यात हात घातला, एक चिठ्ठी काढली, मेणबत्तीजवळ नेली, नाकाला लावली आणि जागेवर जाऊन बसले. ती अक्कांची होती.

इतरांनी आपापल्या चिठ्ठ्या नेल्या. अक्का शेवटी आल्या. माझ्या तळाशी एकच चिठ्ठी उरली होती, तीन दांड्यांची. अक्कांनी ती उचलली आणि वर पाहिलं. समोर भाऊ अक्कांचीच चिठ्ठी हातात धरून ओठ हलवत होते, मान डोलवत होते. चिठ्ठी उलटी होती.

आणि मग भाऊ मोठ्याने म्हणाले, "मना संकल्प पुरा व्हयना!" त्यांनी अक्कांची चिठ्ठी घंगाळात बुडवली. लोकांनी साधू, साधू म्हणून वाखाणलं. अक्कांनी वर्षभर जो संकल्प दर आठवड्याला मोडला होता, तो असा पुरा होऊन पाण्यात विरघळला.

अक्कांनी भाऊंची चिठ्ठी उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती. भाऊंना दिसत नाही, हे त्यांना त्या उलट्या चिठ्ठीनेच सांगितलं होतं. भाऊ नवी चिठ्ठी न लिहिताच टेम्पो सुरू करायला गेले; बाकीच्यांनी नव्या चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या, अक्कांनी मात्र लिहिलीच नाही. भाऊंची चिठ्ठी मुठीत धरली, मला काखेत मारलं आणि त्या बाहेर आल्या. सर मागून म्हणाले, "अक्का, मेण राहिलं." अक्कांनी मागे वळून पाहिलं नाही.

टेम्पो सुरू होता. मागे सतरंजीवर बायकामुलं बसली होती. बेबाबाई पातेलं दोन्ही पायांत धरून बसल्या होत्या. अक्का भाऊंच्या खिडकीशी गेल्या.

"भाऊ, धुकं शे. थोडं थांब."

"धुकं माले नावथून वळखस, अक्का! तीस वरीस व्हयनात."

"हाई काय शे, सांग बरं." अक्कांनी चिठ्ठी पुढे केली.

भाऊंनी ती चाचपली, डोळ्यांजवळ नेली. "धरणगावना पत्ता ना? माले पाठ शे."

"पत्ता नही. तुनी चिठ्ठी शे. मनी तू पाणीमा बुडाई दिन्ही."

भाऊंच्या तोंडावरचं हसू गेलं. "हळू बोल. मांगे पोरं शेतस."

"हळूच बोली ऱ्हायनी. आयुष्यमा पहिल्यांदा."

"अक्का, रस्ता माले पाठ शे."

"रस्ता पाठ शे, कबूल. कापूसनी ट्रॉली कोठे उभी ऱ्हाई, ते बी पाठ शे का?"

 मागून एका मुलाने विचारलं, "कवा निघसूत?" मग भाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आजना दिन जाऊ दे. उद्या जासू डॉक्टरकडे. आते उतरनू तर बठ्ठा लोके हसतीन. फाटकना दिन हसनात तसा."

मित्रांनो, हा घाव अक्कांना बरोबर लागला. एरवी त्या एक आरोळी ठोकून साऱ्या वस्तीला गोळा करत्या. पण दिवाळीतलं ते हसणं त्यांना आठवलं. खरं बोलावं तर चारचौघांत माणसाची मान खाली जाणार. गप्प राहावं तर मागची चौदा माणसं. त्यांनी तिसरंच काही ठरवलं, आणि मी आत नुसता ओरडत राहिलो, की अक्का, असं करू नका!

"मंग मी पुढे बसस," अक्का म्हणाल्या. "आज तुना डोळा मी."

पलीकडच्या दाराकडे जायला त्या टेम्पोच्या पुढून निघाल्या. पांढरी साडी, पांढरं धुकं. अक्का मागून जाऊन बसतील असं भाऊंना वाटलं असावं, किंवा काहीच वाटलं नसावं. हे बोलणं एकदाचं संपावं एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी गिअर टाकला.

दिवे माझ्यावर आले. टेम्पोने एक हिसका दिला. बंपर आधी माझ्या पाठीला लागला, माझी पाठ आत गेली, आणि मग अक्का मागे मातीत बसल्या. त्याच क्षणी गाडी गचका खाऊन बंद पडली. माझं झाकण उडालं, चिठ्ठ्या सगळीकडे पसरल्या.

"काय झालं? कुणाला लागलं?" तोवर मागे चढून बसलेले बुद्धभूषण सर उडी मारून आले. बाकीचेही उतरले. मुलं चिठ्ठ्या वेचायला लागली. एकानेही एकही उघडली नाही, हे मला इथे सांगितलंच पाहिजे.

सगळे अक्कांकडे पाहत होते. "पाय घसरना," एवढं म्हटलं की भागलं असतं. ते त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण तासाभरापूर्वीच खोटं न बोलण्याचं शील त्यांनी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं होतं. आणि खरं बोलावं, तर वर्षभर मोडलेला संकल्प आज आणखी एकदा मोडायचा. अक्का मातीत बसून राहिल्या. 

टेम्पोचं दार वाजलं. भाऊ उतरले. बोनेटवर हात ठेवून, कड चाचपत, एकेक पाऊल टाकत ते पुढे आले. पाय मला लागला तेव्हा थांबले, खाली बसले आणि हवेत हात फिरवत अक्कांचा दंड शोधला.

"लागनं का, अक्का?"

"नही."

"खरं सांग."

"डबाले लागनं. माले नही."

भाऊ उठले. तोंड लोकांकडे केलं, म्हणजे आवाज जिकडून येत होते तिकडे.

"अक्का पुढे व्हती. माले दिसनी नही," ते म्हणाले. "धुकंना दोष नही. मना डोळा गयात. दोन वरीस व्हयनात, मी कोनले सांगं नही. फाटक बी कोनी सरकाडेल नव्हतं."

कुणी हसलं नाही. कुणी अरेरे केलं नाही.  मग बेबाबाई म्हणाल्या, "खीर गार व्हई ऱ्हायनी. चाला, उतारा ते पातेलं." आणि सगळ्यांना हलायला काहीतरी मिळालं.

भाऊंनी किल्ली काढली. खिशात ठेवली नाही. मला चाचपून उचललं आणि किल्ली माझ्यात टाकली.

सरांनी धरणगावला फोन केला. लहान डब्यात खीर घेऊन दोघंजण एसटीने गेले. बाकीच्यांनी विहाराच्या पायरीवर बसून खाल्ली. मग अक्का भाऊंच्या शेजारी कागद घेऊन बसल्या. रीत मोडत होती, पण सर काही बोलले नाहीत. "सांग, मी लिखस," अक्का म्हणाल्या. भाऊंनी डोळे मिटून एकदा श्वास पाहिला. मग म्हणाले, "लिख. माले दिसत नही, हाई आधी सांगसू. मंग जे व्हई ते." त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, म्हणूनच मी तुम्हाला सांगू शकतो. अक्कांनी आपली चिठ्ठी नंतर लिहिली. ती काय आहे, ते मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का भाऊंना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही, गाडी मात्र आता नाही, असं कळलं. येताना रिक्षात अक्कांनी भाऊंना दोन वर्षांचं सगळं एकदमच सुनावलं. रिक्षात चारचौघं नसतात, असा त्यांचा हिशेब.

माझी पाठ अजून आत गेलेली आहे. सर म्हणाले, ठोकून सरळ करून आणू. अक्का म्हणाल्या, राहू दे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. नव्या वर्षाला डोळे मिटा, श्वास पाहा, संकल्प जरूर लिहा. पण तो माझ्यासारख्या डब्यात घालून निश्चिंत होऊ नका. मी फार चांगला सांभाळतो, त्याचीच मला भीती वाटते. माझ्यात कागद वर्षभर कोरा करकरीत राहतो आणि बाहेर माणूस रोज टेम्पो काढत असतो. अधूनमधून झाकण उघडत जा. वरचा गंज पुसलात तर तेही बरं. आणि एखादा माणूस बोनेट चाचपत तुमच्यासमोर आला, त्याला काही सांगायचं असलं, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. हसू तर नकाच. ते वाक्य तोंडाशी यायला त्याला कधी कधी दोन वर्षं लागलेली असतात.