शेवटच्या दृश्यातली पावलं

ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या कानात हिचीच पावलं वाजत होती.

मी सिनेमाला आवाज जोडतो. चित्रीकरणात पावलांचा आवाज नीट येत नाही. नंतर स्टुडिओत कोणालातरी पडद्याकडे बघत चालावं लागतं. ते चालणं हिचं काम. या युद्धपटातले सगळे सैनिक हिनेच चालवले, जड बूट घालून, खडीच्या ट्रेमध्ये. घरी वाट बघणाऱ्या बायकाही हिनेच. म्हणायची, "अख्खी पलटण माझ्या पायांवर चालते, आणि तुम्हाला भाजी आणायची म्हटलं की पाय दुखतात!"

फोनवर मेहुणी होती. "भावोजी, ताईला ट्रकने उडवलं. गेली हो."

पडद्यावर सैनिक चालतच होते.

एकच दृश्य राहिलं होतं. दारावर थाप पडते. सैनिकाची बायको स्वयंपाकघरातून येते, दार उघडते. बाहेर नवरा गेल्याची बातमी घेऊन, टोपी काखेत धरून अधिकारी उभा असतो.

तीन आठवड्यांनी मेहुणीच म्हणाली, मी चालून बघते. तीनदा चालली. "नाही जमत भावोजी. बाई आपल्याच घरात चोरी करायला आल्यासारखी वाटते." हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

तिला घरी पाठवून मी रिकाम्या खोलीचा आवाज भरून घेतला. संवादांखाली तो लागतो. एक मिनिट काचेमागे बसलो. खोलीत कोणी नव्हतं.

परत ऐकलं तर विसाव्या सेकंदाला पावलं आली. अनवाणी, डावं जरा ओढत. हिचा डावा गुडघा दुखायचा. पडद्यावरच्या बाईला ती तंतोतंत बसली. दारापाशी थांबली. पुढे नुसता श्वास.

दिग्दर्शकाने ऐकलं. "काका, काकूंनी हे कधी भरून ठेवलं?"

"काल."

हिला पोचवायला तोही आला होता. मग खाली बघून म्हणाला, "दाराचा आवाज तेवढा टाका. शुक्रवारी द्यायचंय."

तो आवाज माझ्याकडे तयार आहे. जोडायला मिनिटसुद्धा लागणार नाही. पण दार उघडलं की तिला बातमी कळणार, आणि कळली की ती पुन्हा चालायची नाही.

आज गुरुवार. दार अजून उघडलेलं नाही.