माफीची तालीम

"थांब. तिसऱ्या वाक्यापासून परत," दादा म्हणाला.

धाकटी ओट्याला टेकून उभी होती. तिने कागद डोळ्यांसमोर धरला आणि सुस्कारा टाकला.

"तिसरं वाचताना तुझ्या भुवया वर जातात. माफी मागतेयस, भाजीचा भाव करत नाहीयेस."

"भुवयांबद्दलही वकिलांनी काही लिहिलंय का?"

दादाला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. हसण्याचे दिवस नव्हते.

धाकटी तळ्यावर मुलांना पोहायला शिकवायची. मुलांच्या अंगावर पुरळ उठायला लागलं, तेव्हा रहिवाशांच्या सभेत उभी राहून तिने सांगितलं, की रंगाचा कारखाना सुट्टीच्या दिवशी सांडपाणी तळ्यात सोडतो, मुलांना उतरवू नका. एवढंच. कारखान्याने पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, थेट अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. भरपाई अशी मागितली, की दोघांचं राहतं घर विकूनही ती फिटली नसती. मग तारखांवर तारखा पडत गेल्या. सभेत टाळ्या वाजवणारे शेजारी ती दिसली की रस्ता बदलू लागले. शेवटी कारखान्याच्या वकिलांनीच तोडगा काढला: जिथे बोललात तिथेच माफी वाचा, आम्ही दावा मागे घेतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, ते उगाच नाही," दादा म्हणाला.

"मासे उरलेत कुठे?"

तो म्हणाला, "चौथं वाच."

"हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. मी ते मनाने रचलं."

या वाक्याला दोघंही एकमेकांकडे बघत नसत. सांगितलं होतं दादानेच. मोटरी रिवाइंड करायचं त्याचं दुकान होतं. कारखान्याचा जळालेला पंप दुरुस्त करून त्याने जागेवर बसवून दिला, चालवून पाहिला आणि त्याचा पाइप कुठे उतरतो तेही पाहिलं. घरी येऊन जेवता जेवता बोलून गेला. पुढे वकिलांनी धाकटीला खोदून खोदून विचारलं, माहिती कुणी दिली? तिने नाव घेतलं नाही, आणि तो मूग गिळून बसला. त्याला लाज वाटायची, रोज वाटायची. तरी रोज दुकान उघडून तो निमूटपणे तारा गुंडाळत बसायचा.

"चौथं बरोबर येतंय," तो म्हणाला.

"येणारच. तेवढं एकच तुझ्यासाठी पाठ केलंय."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

सभेला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत कारखान्याचे मॅनेजर आणि वकील, शेवटच्या रांगेत दादा. धाकटीने सगळं एका सुरात वाचलं. भुवया जागच्या हलल्या नाहीत. चौथं वाक्य तर इतकं स्वच्छ आलं, की दादाने मान खाली घातली. वकिलांनी तिच्या हातून कागद घेऊन फाइलमध्ये ठेवला. कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि मग ओशाळून हात खिशात घातले.

चहा आला. मॅनेजर कप घेऊन मागे आले आणि दादाला पाहून थबकले. कारखान्यात सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. त्याला बहीण आहे की भाऊ, हे विचारायची वेळ तिथे कुणावर आली नव्हती.

"अरे मिस्त्री, बरं झालं भेटलात. तो पंप पुन्हा तापतोय. रविवारी या ना. कुणी नसतं, शांतपणे काम होईल."

"येतो" म्हटलं असतं की झालं असतं. वाचलेलं घर वाचलेलंच राहिलं असतं. दादाने समोर पाहिलं. धाकटी भिंतीशी एकटी उभी होती. जिच्या मुलीला तिने पाण्याची भीती घालवून पोहायला शिकवलं होतं, ती बाई तिच्याकडे पाठ करून बिस्किटं घेत होती. धाकटीला चहा कुणी विचारलाच नव्हता.

"कुठला पंप, साहेब? तळ्यात पाणी सोडता, तो?"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मॅनेजर हसले.

"काहीतरीच काय, मिस्त्री."

"काहीतरी कसं? मीच बसवलाय, मीच चालवून पाहिलाय. पाइप तळ्यात उतरतो. हिला मीच सांगितलं होतं. मनाने रचायला ही काय गोष्टी लिहिते?"

"दादा, पुरे," धाकटी म्हणाली, पण तोवर ती गर्दीतून वाट काढत त्याच्या शेजारी येऊन पोचली होती.

वकील दारातून परत फिरले. त्यांनी शांतपणे फाइल उघडली, पेन काढलं.

"याचे परिणाम तुम्हाला ठाऊक असतीलच. पूर्ण नाव सांगा."

दादाने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि तिथेच अडखळला.

"आडनाव तुमच्याकडे आहे," धाकटी म्हणाली. मग तिने एक रिकामी खुर्ची ओढली. "सरक रे दादा, मला बसू दे."