सहाव्या मजल्यावरची गाडी

"इंजिन आउट, देन बॉनेट कॅन ओपन, अंकल. इनसाइड पुट लाइट्स. चिल्ड्रन शुअर लाइक!" मॉलकडून आलेल्या मिस तान म्हणाल्या आणि त्यांनी हातातली टेप गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत ताणली.

उन्मेष सबनीसांनी ती टेप दोन बोटांनी उचलून बाजूला केली. त्यांचा चेहरा पाहून त्यांची मुलगी क्षिप्रा घाईघाईने मध्ये पडली. "बाबा, ऐक ना. मॉलमध्ये इंजिन आणि पेट्रोल अलाउड नाही, फायर सेफ्टी. बाकी सगळं तसंच राहणार. खाली तुझ्या नावाची पाटी. मरीन परेडला, घरापासून पाच मिनिटं. यू कॅन सी इट एव्हरी डे, व्हॉट!"

गाडी पाहण्यासारखी होती हे खरं. ठेंगणी, लांब नाकाची, दोनच सीटची, बिनछताची, गडद हिरवी. सत्तावन्न सालची म्हणून कुणीही फसावं. पण होती ती नक्कल. तिचे सुटे भाग इंग्लंडहून खोक्यांतून आले होते, आणि सिंगापुरातल्या पाया लेबार भागातल्या कारखान्यांच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर भाड्याने घेतलेल्या या गाळ्यात सबनीसांनी अकरा वर्षांतले सगळे शनिवार घालून ती जोडली होती. बोल्ट आवळला की त्यावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, हा गॅरेजवाल्यांचा रिवाज. सबनीस त्यासाठी बायकोचं लाल नेलपॉलिश वापरत. "माझ्या नखांना लागलं नाही तेवढं याच्या बोल्टांना लागलंय," असं विभा चारचौघांत सांगायची.

सिंगापुरात गाडीचा परवाना दहा वर्षांचा. मुदत संपली की नवा घ्या, नाहीतर गाडी मोडीत काढा. सबनीसांनी दोन धडधाकट गाड्या अशा मोडीत दिल्या होत्या. दुसऱ्या वेळी ते यार्डातून बसने घरी आले, जेवले नाहीत, आणि आता गाडी करायची ती आपल्या हातची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि तिथेच माशी शिंकली. हार्बरफ्रंटच्या कचेरीत जहाजी विम्याचे दावे तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. दुसऱ्याच्या पॉलिसीतलं बारीक अक्षर काढून भल्याभल्यांची तोंडं बंद करणारा हा माणूस. पण जुन्या गाड्यांच्या सवलतीचा नियम वाचताना त्यांनी पाहिलं गाडीचं रूप, आणि नियम विचारत होता तिचं जन्मसाल. गाडी पुरी झाल्यावर हे उघडकीला आलं. जुनी म्हणून तिला परवाना नाही, आणि नवी म्हणून ती एकाही चाचणीत बसायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! परवाना कचेरीतल्या खिडकीवरच्या मुलीने सगळं अगदी बरोबर समजावून सांगितलं, आणि ते बरोबर आहे हे सबनीसांनाही पटलं, याचंच त्यांना जास्त लागलं. तेव्हापासून गाडी गाळ्यातच उभी होती.

आता ही इमारत पाडायची होती. महिनाअखेर गाळा रिकामा करायचा होता.

"थँक यू, मिस तान," सबनीस म्हणाले. "बट नो."

"बाबा!"

"पेंढा भरलेला वाघ करायचाय तुम्हाला तिचा. नाही म्हणजे नाही."

रविवारी सकाळी सबनीस, विभा आणि क्षिप्रा घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेत बसले होते. तिथे सबनीसांनी सांगून टाकलं, की गाडी न्यूझीलंडला ग्रॅहमकडे जाणार. ग्रॅहम हा बसडेपोतला निवृत्त मेकॅनिक. त्याला कधी कुणी पाहिलेलं नव्हतं, पण वायरिंगच्या वेळी ईमेलवरून त्याने सबनीसांना तीन वर्षं हात धरून शिकवलं होतं. तिकडे घरी बांधलेली गाडी तपासून घेऊन रस्त्यावर आणता येते.

"देऊन टाकणार?" विभाने विचारलं. "अरे, परत दिसणारसुद्धा नाही तुला."

"नाही दिसणार."

"अकरा वर्षं शनिवारची मी एकटी हिंडले, उन्मेष. नाटकाला एकटी, लग्नांना एकटी. सवतीचं करावं तसं केलं मी त्या गाडीचं, डबे पाठवले. आणि ती फिरवणार कोण, तर ग्रॅहम!" तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या आजी वळून पाहू लागल्या.

"तुझा राग बरोबर आहे," सबनीस म्हणाले. "पण कचेरीने मला निरोप दिला तेव्हा भिंतीवर माझा फोटो लावला. तो आहे अजून. मी कधी तिथे गेलो की सगळे म्हणतात, सर, फोटोत काय छान दिसता! काम मात्र कुणी विचारत नाही. मला ते फार झोंबतं, विभा. तिच्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही."

"सो ड्रामॅटिक, लाह," क्षिप्रा म्हणाली, पण हळू आवाजात.

विभाने कपातला चमचा काढून बशीत ठेवला. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही," ती म्हणाली. "कधी न्यायचीय?"

"गुरुवारी दुपारी."

"मी येणार."

गुरुवारी कंटेनर खाली अंगणात येऊन उभा राहिला. या इमारतीला लॉऱ्यांसाठी थेट सहाव्या मजल्यापर्यंत गोल गोल रॅम्प होता. गाडी त्यावरून ढकलत खाली न्यायची, असं ठरलेलं होतं. सबनीस चावी घेऊन आत बसलेले पाहून रखवालदार धावत आला.

"अंकल, कॅन नॉट ड्राइव्ह! नो नंबर प्लेट!"

"रॅम्प इज नॉट रोड," सबनीस म्हणाले. नियमात याबद्दल काय लिहिलंय, हे त्यांनी या वेळी मुद्दामच वाचलं नव्हतं.

विभाने ओढणी कमरेला खोचली आणि ती शेजारी येऊन बसली. इंजिन खोकलं, थांबलं आणि मग असं गरजलं की सहाव्या मजल्याच्या काचा थरथरल्या. रखवालदार आपोआप बाजूला झाला. पाचवा मजला, चौथा, तिसरा. वळणावळणावर टायर किंचाळत होते. नूडल्सच्या कारखान्यातल्या बायका टोप्या घातलेल्या तशाच दारात येऊन उभ्या राहिल्या. विभा एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा गुडघा धरून मोठमोठ्याने हसत होती. ती इतकी हसलेली सबनीसांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

खाली आल्यावर त्यांनी किलोमीटर मोजणाऱ्या मीटरकडे पाहिलं. शेवटचा आकडा शून्य आणि एकाच्या मध्ये अडकला होता.

"थांबू नकोस," विभा म्हणाली.

त्यांनी अंगणाला फेरी मारली. मग दुसरी. रखवालदार शिट्टी फुंकत मागून पळत होता. बोटीवर चढवायची म्हणून टाकीत लिटरभरच पेट्रोल ठेवलेलं होतं. तिसऱ्या फेरीला एकाचा आकडा सरकत वर आला आणि नीट बसला. मग विभाला उतरवून त्यांनी गाडी फळ्यांवरून कंटेनरमध्ये नेली आणि इंजिन बंद केलं.

दार उघडायला आत जागाच नव्हती. एकसष्ट वर्षांचे सबनीस सीटवर उभे राहिले आणि मागच्या बाजूवरून घसरत खाली उतरले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

ट्रकवाला अझमान पट्टे आवळून आला आणि फॉर्म भरू लागला. "माइलेज, अंकल? न्यू कार, सो झिरो, आह."

"नो. वन."

"वन किलोमीटर ओन्ली!" अझमान हसला. "सेम सेम, लाह."

"नॉट सेम. राइट वन."

अझमानने त्यांच्याकडे पाहिलं, मग विभाकडे पाहिलं. त्याने शून्य खोडलं आणि शेजारी एक लिहिला. सबनीसांनी कागद हातात घेतला, आकडा नीट वाचला आणि खाली सही केली.