चुलीमागची भिंत

गवंड्याच्या बायकोचं पहिलं मूल अकरा महिन्यांचं होऊन गेलं. खोकला, धाप, आणि दोन दिवसांत सगळं संपलं. "नशिबात नव्हतं," लोक म्हणाले. तिनेही मान डोलावली. पण दुसरी मुलगी सातव्या महिन्यात तशीच खोकू लागली, तेव्हा कुणाला न विचारता तिने तडक दवाखाना गाठला.

नर्सबाईंनी छाती तपासून औषध दिलं. मग विचारलं, "पाळणा कुठे असतो?"

"चुलीजवळ. ऊब राहते."

"खिडकी?"

"नाही."

"मग माझं औषध एकटं काय काय करणार गं? तिथे दिवसभर धूरच पितेय ती."

घरी येताच तिने पाळणा दाराशी ओढला. "चुलीमागच्या भिंतीत खिडकी हवी," तिने नवऱ्याला सांगितलं.

गावभर खिडक्या बसवणारा तो ओशाळला. "बघू रविवारी."

"वारं बाधेल पोरीला," सासूबाई म्हणाल्या. "याच धुरात मी पाच वाढवली."

"पाच वाढली, आई. झाली होती आठ."

सासूबाईंनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर तिने खाटेखालून त्याची जुनी छिन्नी आणि हातोडा काढला. सासूबाई पोरीला उचलून बाहेर गेल्या. रागावल्या असतील, असं तिला वाटलं. गिलावा पडला, पण वीट हलेना. तळहाताला फोड आले.

"वरून नको ठोकूस," बाहेरून आवाज आला. "आधी सांधा मोकळा कर. गवंड्याची आई आहे मी, उगाच नाही." थोड्या वेळाने त्याच आवाजात, "माझा शेवटचा सहा महिन्यांचा होता. अशीच धाप लागायची त्याला."

तिचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

संध्याकाळी नवऱ्याने वेडंवाकडं भगदाड पाहून कपाळाला हात लावला. "भिंत बसली असती की! कुणी केलं हे?"

"आम्ही दोघींनी," सासूबाई म्हणाल्या. "आता चौकट आण. हात नंतर धू."

दिवेलागणीच्या आत खिडकी बसली.

पोर लगेच बरी झाली नाही. तिसऱ्या दिवशी श्वास वाढला. पुन्हा दवाखाना, दोन दिवस तिथेच. खोकला पुरता जायला तीन आठवडे लागले, पण गेला.

शेजारच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. सासूबाईंनी तिच्या घरात शिरून चूल कुठे आहे ते पाहिलं आणि दारातूनच मुलाला हाक मारली.