निशाणावरची भाकरी

सुंदरराव पाटलांच्या गोठ्याखाली ज्वारीचं पेव होतं आणि ते बैलांखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती. त्या साली पावसानं दगा दिला. दारात येणाऱ्याला पाटील पडेल चेहऱ्यानं सांगत, आमच्याच कणग्या खडखडीत आहेत बाबा. पुढं भाव कडाडला की पेव फोडायचं, असा त्यांचा बेत होता.

अशात फर्मान आलं. हुजूर निजामांच्या सालगिरहच्या, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी चावडीवर निशाण चढवा आणि रयतेला त्याचा अर्थ सांगा. तहसीलदारसाहेब जातीनं येणार होते. निशाण पिवळं, मधोमध पांढरा गोल. पाटलांनी दवंडी देऊन गाव जमवलं आणि घसा खाकरून सांगितलं की हा गोल म्हणजे कुलचा, मुसलमानी भाकरी. हुजुरांच्या मूळपुरुषाला म्हणे एका अवलियानं कुलचे खाऊ घातले आणि खाल्ले तितक्या पिढ्या राज्य दिलं.

"आपल्या सरकारचं निशाणच भाकरी हाय," पाटील म्हणाले. आपलं हे वाक्य त्यांचं त्यांनाच फार आवडलं.

माळावरच्या धनगरांनी ते कान देऊन ऐकलं. त्यांच्यात बिरोबाच्या जत्रेला निशाण चढलं की पंगत बसते आणि निशाण उतरेपर्यंत चूल विझू देत नाहीत. त्यात हे निशाण भंडाऱ्याच्या रंगाचं, वर भाकरी शिवलेली. आणखी आवतण ते काय द्यायचं?

सालगिरहला निशाण वर गेलं तेव्हा अख्खा धनगरवाडा थाळ्या घेऊन चावडीपुढं रांगेनं बसला होता. सगळ्यांत पुढं म्हातारी बायनाबाई. पाटील त्यांना हुसकावणार, तोच साहेबांचा टांगा येऊन थांबला. साहेबांना वाटलं, पाटलांनी हुजुरांच्या नावानं अन्नदान मांडलंय. त्यांनी पाटलांची पाठ थोपटली, पाऊस पडेपर्यंत हे निशाण उतरवायचं नाही असं फर्मावलं आणि पंगत पाहायला खुर्ची टाकून बसले. नाही म्हणावं तर पाटीलकी जाणार. झक मारत पेव उघडावं लागलं.

मग रोजच पंगत. पंगत कधी उठणार, असं बायनाबाईला पाटलांनी एकदा आडून विचारून पाहिलं, तर निशाण वर असताना उठणं पाप हाय, एवढंच तिनं सांगितलं. पाटलांचा जीव तीळ तीळ तुटत होता. निशाण उतरवावं तर सरकारचा गुन्हा, ठेवावं तर पेवाचा तळ दिसू लागलेला. अखेर एका दुपारी कोरडी वावटळ उठली आणि निशाणाच्या चिंध्या झाल्या. त्या दिवशी पाटील कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी ते चावडीपाशी आले, तर बायनाबाई पायरीवर बसून शिवत होती. नवऱ्याचं धोतर फाडून अर्धं हळदीत बुडवलं होतं, अर्धं पांढरंच ठेवलं होतं. मधला गोल आता चांगला परातीएवढा झाला होता.

"पयली भाकरी लई ल्हान व्हती, पाटील," दातानं दोरा तोडत ती म्हणाली. "मानसं वाढल्यात."