खंडेनवमीचा दोरा

सकाळी साडेदहा वाजता भोकरदनमधल्या एका खासगी प्रसूतिगृहात आग विझवायच्या सिलिंडरची पिन निघाली नाही.

ती ओढत होते जालन्याहून आलेले तपासणी अधिकारी राजानंद. त्यांनी पुन्हा जोर लावला. पिन जागची हलली नाही. पिन आणि मूठ मिळून लाल दोऱ्याचे वेढे घातले होते, आणि त्यावर ओल्या हळदीचा थर वाळून कडक झाला होता.

मागच्या तपासणीत धुराचा अलार्म बंद सापडला होता. त्यामुळे इथला नवजात कक्ष सील झाला. तेव्हापासून अशक्त बाळं जन्मताच रुग्णवाहिकेने जालन्याला जात आणि आया इथेच राहत. आज फेरतपासणी होती. आणि आजच धावडा गावची प्रीती आठव्या महिन्यात कळा सुरू होऊन दाखल झाली होती. कक्ष उघडला तरच तिचं बाळ तिच्याजवळ राहणार होतं.

"हे कुणी बांधलं?" राजानंदांनी विचारलं.

वॉर्डबॉय कारभारी पुढे आला. "खंडेनवमीला पूजा केल्ती, साहेब. ऑक्सिजनला बांधला, जनरेटरला बांधला. मंग याला कसं सोडायचं?"

"किती सिलिंडरना?"

"समद्यांना. एकाला बांधून दुसऱ्याला न्हाई, ते बराबर दिसत न्हाई."

राजानंदांनी पेन काढलं. मुख्य परिचारिका वंदनाताई आडव्या आल्या.

"चूक आमची आहे, साहेब. शेरा लिहा. पण आधी आग लावून बघा."

आवारात लोखंडी घमेल्यात डिझेल ओतून पेटवलं. वंदनाताईंनी तोच सिलिंडर उचलला, खिशातल्या कात्रीने दोरा कापला, पिन ओढली आणि वाऱ्याकडे पाठ करून ज्वाळांच्या बुडाशी फवारा मारला. पांढरी भुकटी बसली तेव्हा घमेल्यात आग नव्हती.

"वा!" बाकावरून प्रीतीची सासू झुंबरबाई ओरडली.

राजानंद हसले नाहीत. "खरी आग लागली तर आधी कात्री शोधणार का, ताई?"

"नाही. म्हणून आत्ताच सगळे मोकळे करतो. तुमच्यासमोर."

कारभारी कात्री घेऊन घुटमळला. "पूजेचा दोरा कापायचा?"

"कारभारीदादा, पूजा देवाला पोचली. आता शस्त्राला काम करू द्या."

त्याने सिलिंडरला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि दोरा कापला. मग दुसरा. मग मजल्यामागून मजला. प्रत्येक पिन निघाली आणि पुन्हा बसवली. प्रत्येक काटा हिरव्या पट्ट्यात होता. वापरलेल्याच्या जागी राखीव सिलिंडर लागला.

राहिला अलार्म. राजानंदांनी छताजवळ धूर सोडला. भोंगा वाजला, बाजारापर्यंत ऐकू जाईल असा. परिचारिका दुपट्यात गुंडाळलेल्या उशा छातीशी धरून रॅम्पच्या उतारावरून खाली निघाल्या. बाळांऐवजी उशा. चालू शकणाऱ्या बाळंतिणी त्यांच्यामागे. कारभारीने दोन्ही दारं उघडी धरून ठेवली. झुंबरबाईनेही एक उशी उचलली.

"आजी, तुम्ही बाजूला व्हा, ही तपासणी आहे," राजानंद म्हणाले.

"मी का पाव्हणी हाये? जल्दी सरका, माझं पोरगं गुदमरून राह्यलं!"

आवार हसलं. राजानंदही हसले. मग ते एकटेच वर गेले आणि खाट न खाट बघून आले. आत एकही उशी राहिली नव्हती.

दोऱ्यांबद्दलचा शेरा त्यांनी लिहिलाच. त्याखाली लिहिलं: त्रुटी समक्ष दूर केली, कक्ष सुरू करण्यास हरकत नाही. मग स्वतःच्या हाताने दाराचं सील तोडलं. जिन्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. कारभारीने तर राजानंदांना मिठीच मारली.

"साहेब, दार उघडलं," झुंबरबाई म्हणाली. "आता बाळाला यायला कुणाची सही लागती?"

"ती माझ्याकडं न्हाई, आजी."

दुपारी दोन वाजता कक्षातलं बाळाला ऊब देणारं यंत्र सुरू झालं. वंदनाताईंनी त्यावर स्वच्छ दुपटं अंथरलं आणि त्या प्रसूतिकक्षात गेल्या. प्रीतीच्या कळा वाढल्या होत्या. बाळाचे ठोके व्यवस्थित लागत होते. बाळ अजून झालेलं नव्हतं.